बोट फिरवा, सांधा दाखवा

जावईबापू एरवी फार बोलणारे नव्हते. पण एका बाबतीत त्यांची जीभ कधी अडखळली नाही. ते म्हणायचे, "काळा रंग काय असतो, ते मला विचारा."

आणि ते काही खोटं नव्हतं. छापखान्यात ऑफसेट मशीनवर उभं राहून त्यांचे केस पांढरे झाले होते, पण नखं कधी पांढरी झाली नाहीत. काळ्याच्या सगळ्या जाती त्यांना तोंडपाठ. पाठ्यपुस्तकाचा काळा मवाळ, जाहिरातीचा काळा उर्मट, आणि निधनवार्तेच्या चौकटीचा काळा असा, की वाकून पाहावं तर आपलाच चेहरा दिसावा. दुसरं त्यांचं ब्रीद म्हणजे, आधी नमुना, मग गठ्ठा. नमुन्याचा एक कागद काढायचा, उजेडात धरायचा, बोट लावायचं. नमुना पास तर सगळा गठ्ठा पास.

जावईबापू हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. सासरे पहिल्यांदा छापखान्यात आले, तेव्हा दारातच चपला काढून त्यांनी विचारलं होतं, "जावईबापू आहेत का?" तेव्हापासून मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांचे ते जावईबापू झाले. ज्याला स्वतःला अजून मुलगी झाली नव्हती, तो मशीनवरचा पोरगासुद्धा त्यांना जावईबापू म्हणायचा.

सासरे घड्याळजी. उभा जन्म एका डोळ्याला भिंग लावून काढला आणि म्हातारपणी दोन्ही डोळे विझत गेले. पुढे रस्ता दिसेना, तेव्हा त्यांनी आपली सायीच्या रंगाची जुनी गाडी धाकट्या मुलीच्या नवऱ्याच्या हवाली केली. किल्ली देताना म्हणाले, "सांभाळा." एवढंच. ना पुढे काही, ना मागे.

त्याला आता बरीच वर्षं झाली होती. जावईबापूंनी गाडी लेकरासारखी सांभाळली. सासरेही फोनवर आधी विचारायचे, "गाडी कशी आहे?" आणि मग मुलीची चौकशी. पण गाडी चांगली ठेवलीत, असं अक्षर त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. घड्याळजी माणूस. जे चालतंय त्याच्याबद्दल काय बोलायचं? बिघडलं तर बोलायचं. जावईबापूंना हे पटत होतं, पण माणसाचं मन म्हणजे काही घड्याळ नव्हे. त्याला अधूनमधून कोणीतरी छान म्हणावं लागतं.

आणि एके दिवशी फोन आला. सासरे थोरल्या मुलीबरोबर दूर, तिच्या गावी जाणार होते. कायमचे. "रविवारी येतो," ते म्हणाले. "जायच्या आधी एकदा गाडीत बसवा मला. थोडं फिरवून आणा."

एवढ्यात फोन थोरल्या ताईंच्या हाती गेला. ताईंची जीभ म्हणजे शिंप्याची कात्री, कापड पाहायच्या आधीच चालायला लागायची.

"भावोजी, फिरवा हवं तर. पण त्या गाडीत आता बसण्यासारखं राहिलंय काय? मागच्या वेळी पाहिली ना मी. काचांच्या कडेची रबरं पांढरीफटक. रबरं आहेत की म्हाताऱ्याच्या भुवया?"

जावईबापूंनी फोन ठेवला आणि बाहेर जाऊन गाडीकडे पाहिलं. रोज पाहत होते, पण घरचं माणूस म्हातारं झालेलं घरच्यांना दिसत नाही. तसंच होतं खरं. दारांच्या कडा, काचांच्या चौकटी, समोरच्या काचेभोवतीची पट्टी, सगळं रबर राखेसारखं. बोट लावलं तर बोटाला खडूसारखी भुकटी.

"अहो, बाबांना दिसतंय कुठे?" बायको म्हणाली. "ओल्या फडक्याने पुसून घ्या, झालं."

"बाबांना दिसत नाही, पण त्यांची बोटं? केसाएवढी स्प्रिंग बोटाने ओळखणारा माणूस आहे तो. त्यांनी बोट फिरवलं आणि त्यांना चीर लागली, खड्डा लागला, तर काय म्हणतील? हेच का सांभाळणं? ते काही नाही. असं काम करतो, की बोट फिरवा, सांधा दाखवा."

"बाबांना एकदा विचारून तरी घ्या."

"रबर काळं करायला काय विचारायचं? रबर काळंच असतं."

सुट्या भागांच्या दुकानदाराने गाडीचं नाव ऐकलं आणि हातातला चहा खाली ठेवला. "या गाडीची रबरं? काका, ही गाडी अजून आहे?" मग त्याने एक चमकवायची बाटली दिली. बाटलीतलं पाणी लावलं की रबर लखलखीत काळं, आणि ऊन पडलं की पुन्हा राखाडी. कलप लावलेल्या माणसाच्या केसांची मुळं दिसावीत तसं. जावईबापूंनी बाटली मोरीत ओतली. ज्याच्या घरी काळ्याची विहीर, त्याने दारोदार काळं का मागावं?

दुसऱ्या दिवशी छापखान्यातून मालकाला विचारून शाईचा डबा आला. निधनवार्तेच्या चौकटीचा काळा. सोबत एका चिमुकल्या बाटलीत ड्रायर, म्हणजे शाई झटकन वाळावी म्हणून तिच्यात मिसळतात ते औषध.

आता आधी नमुना. नमुन्यासाठी त्यांनी सर्वांत वाईट जागा शोधली. चालकाशेजारच्या दाराची काच जिथे खाली उतरते, तिथल्या पट्टीवर वीतभर पट्टा इतरांहून पांढरा होता, आणि त्याच्या मधोमध एक खळगा होता. शर्टाच्या बटणाएवढा, गुळगुळीत.

"उंदीर," जावईबापू स्वतःशीच म्हणाले. "मेल्याने नेमका दर्शनी भाग कुरतडला."

त्यांनी बारीक पॉलिश पेपर घेतला आणि खळग्याच्या कडा घासून काढल्या. बशीत शाई घेतली, त्यात औषध मिसळलं, घट्ट लापशीसारखं केलं आणि काडीच्या टोकाने खळगा भरला. वाळू दिला. पुन्हा भरला. पुन्हा घासला. वरून सबंध पट्ट्यावर पातळ हात दिला. आईने पोराचा भांग पाडताना काढावी तशी सरळ कड काढली. सकाळी पाहतात तर पट्टा खडखडीत वाळलेला. काळा, मऊ, जिवंत. त्यांनी डोळे मिटले आणि बोट फिरवलं. खळगा कुठे होता, ते त्यांचं त्यांनाच कळेना. असा नमुना त्यांच्या अख्ख्या नोकरीत निघाला नव्हता.

नमुना पास, म्हणजे गठ्ठा पास. जावईबापूंनी शनिवारी बाह्या वर सारल्या आणि डबा उघडून गाडीच्या साऱ्या रबरांना रंग दिला. दारं, चौकटी, पुढची काच, मागची काच.

औषध मात्र बशीत पडलं होतं, डब्यात नव्हतं. डब्यातली शाई जशीच्या तशी ओली होती.

आणि छापखान्यातल्या माणसाने हे विसरावं, यासारखं नवल नाही. ऑफसेटचा सगळा खेळच रबराचा आहे. शाई आधी प्लेटवर, प्लेटवरून रबरावर, रबरावरून कागदावर. का? तर रबर शाई पीत नाही. जे मिळालं ते जवळ ठेवत नाही. जो कोणी अंगाला लागेल, त्याला देऊन मोकळं होतं. जावईबापूंनी आयुष्यभर हेच पाहिलं होतं आणि याच्याच जिवावर घर चालवलं होतं. पण शनिवारी त्यांनी वाळलं का म्हणून बोट लावून पाहिलं, ते नमुन्यावर.

संध्याकाळी बायको कामावरून आली आणि फाटकातच थबकली. "अगं बाई. ही आपलीच गाडी?"

"सांधा दाखव," जावईबापू म्हणाले.

"आई असायला हवी होती हो." ती गाडीभोवती हळूहळू फिरली. "आम्ही दोघी मागे. बाबा गाडी चालवणार, आई शेजारी. काच खाली करून हात बाहेर ठेवायची आणि अंगठीने ताल धरायची. टक टक, टक टक. आणि वर तिचं ते गाणं."

तिने गुणगुणून दाखवलं:

*गाडी चालली चालली, मागं धुळीचा पदर,*
*माझ्या सख्याच्या हाताला साऱ्या वाटांची खबर.*

"बाबा म्हणायचे, गाडीतलं घड्याळ बंद पडलं तरी चालेल, ही टकटक बंद पडता कामा नये."

"ताल कुठे धरायची?" जावईबापूंनी विचारलं.

"कुठे म्हणजे? काचेच्या खालच्या पट्टीवर. तिचा हात कायम तिथेच."

"कुठल्या बाजूला?"

"अहो, शेजारी बसायची म्हटलं ना."

उंदीर असता तर दातांच्या खुणा नसत्या का? खळगा इतका गुळगुळीत कसा? जावईबापूंनी पट्टीकडे पाहिलं. पट्टी त्यांच्याकडे पाहत होती, काळीभोर, सपाट, निर्दोष.

"जेवायला वाढ," ते म्हणाले. पण जेवण काही गेलं नाही. म्हातारा मुलीला भेटायला येतोय, पट्टी चाचपायला थोडाच येतोय, असं त्यांनी स्वतःला समजावलं. त्यांना मागच्या सीटवर बसवलं, की झालं. विषयच संपला.

रविवारी सकाळी पहिली बातमी भिंतीपलीकडून आली.

"आमच्या मांजराला रेघा कोणी मारल्या?" शेजारच्या शिक्षिकाबाई विचारत होत्या. त्यांचं मांजर दुधासारखं पांढरं. ते गाडीला अंग घासून परत गेलं होतं आणि आता त्याच्या कुशीवर आखीव पट्टी होती, वहीच्या समासासारखी.

"कुठेतरी डांबरात लोळलं असेल, बाई," जावईबापू म्हणाले, आणि त्यांचा स्वतःचा त्यावर विश्वास होता.

मग टॅक्सी आली. ताई उतरल्या, मोतिया रंगाच्या नव्या कोऱ्या पोशाखात. मागून हात धरून सासरे. पांढरा इस्त्रीचा सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, काठी बगलेत. ताईंनी गाडी पाहिली. कात्री उघडली, पण कापायला काही मिळेना.

"बरी केलीत की, भावोजी," त्या जड जिभेने म्हणाल्या, आणि चपलेतला खडा काढायला पाठ टेकून गाडीला रेलल्या.

त्या सरळ झाल्या, तेव्हा त्यांच्या पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत काळी चौकट उमटली होती. मेली सवय म्हणून जावईबापूंच्या मनात पहिला विचार आला, की छाप मात्र सुरेख. कुठे फाटली नाही, कुठे पसरली नाही.

"अहो," बायकोने त्यांना कोपराने ढोसलं. "ताईच्या पाठीवर..."

"पाहिलं."

"निधनवार्ता."

"हळू बोल."

बायकोने फडकं आणलं आणि ताईंची पाठ थोपटायच्या निमित्ताने पुसायला गेली. चौकटीची पाटी झाली.

"काय गं धाकटे, एवढी लाडात का आलीस?" ताई वळल्या. बहिणीचा हात पाहिला, फडकं पाहिलं, मान वळवून खांदा पाहिला. मग त्यांनी आपल्या कपाळावर हात मारून घेतला. मघाशी खडा काढताना तोच हात त्यांनी दाराला धरला होता. कपाळावर पाची बोटं उठली.

"भावोजी, हे काय आहे?"

"शाई."

"गाडीला शाई? उद्या भांड्यांना गोंद लावाल."

"ताई, हळू," बायको कुजबुजली. "बाबा."

सासरे दारापाशी उभे होते. त्यांना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांच्या तोंडावर असं काही हसू होतं, की ताईंनीसुद्धा कात्री मिटली. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिथल्या तिथे ठरलं. म्हाताऱ्याला काही सांगायचं नाही.

"बाबा, मागे बसा ना," जावईबापू पुढे झाले. "मागे ऐसपैस आहे. पाय पसरता येतील."

"मी पुढे बसणार."

"पुढे ऊन येतं."

"येऊ दे."

"पुढची सीट जरा कुरकुरते."

"ती तेव्हाही कुरकुरायची, जावईबापू," सासरे म्हणाले. "मी आयुष्यभर चाकामागे बसलो. आज तिच्या जागेवर बसून पाहतो."

जावईबापूंनी दार उघडून दिलं. सासऱ्यांनी चौकटीला धरून अंग आत घेतलं आणि पांढऱ्या सदऱ्याच्या दोन्ही बाह्यांना काळी काठपट्टी लागली. जावईबापूंनी ती पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं.

गाडी निघाली. जावईबापूंनी काचा गच्च बंद ठेवल्या होत्या. मागे बायकोने थोडी हवा म्हणून आपल्या बाजूची काच खाली केली आणि धूळ आली म्हणून वर केली. काच रबरातून जाऊन आली ती काजळ घालूनच. त्यावर ताईंनी रुमाल फिरवला. रुमालाने नाक पुसलं. बायकोने ताईंचं नाक पुसायला आपली ओढणी पुढे केली. एका वळणात मागच्या सीटवर दोन बहिणींच्या जागी दोन कोळसेवाल्या बसल्या होत्या.

चौकात वाहतूक पोलिसाने हात केला. त्याने खिडकीतून पुढे पाहिलं, मागे पाहिलं, पुन्हा पुढे पाहिलं.

"खाणीतून येताय का?"

जावईबापूंनी मानेनेच नाही म्हटलं. पोलिसाने कागद मागायचा विचार केला असावा, पण कागदांचं काय होईल हे त्याच्या लक्षात आलं. त्याने दाराला टेकवलेला हात उचलला, पंजाकडे पाहिलं आणि म्हणाला, "जा. पण कुठे हात लावू नका."

"काय म्हणाला तो?" सासऱ्यांनी विचारलं.

"वाट विचारत होता, बाबा," ताई मागून म्हणाल्या. आणि इतक्या वेळात पहिल्यांदा त्या हसल्या. मग बायको हसली. दोघी तोंडावर हात दाबून लहानपणीसारख्या खुसखुसू लागल्या, आणि जितकं तोंड दाबलं तितकं काळं झालं. सासऱ्यांनी मान किंचित मागे केली. त्यांना हसण्याचं कारण नको होतं. मागच्या सीटवर पोरी हसताहेत, एवढं पुरे होतं.

तळ्याकडचा रस्ता आला. झाडांच्या सावल्या काचेवरून सरकू लागल्या.

"जावईबापू, काच खाली करा."

"वारं आहे, बाबा."

"म्हणून तर."

काच खाली गेली. सासऱ्यांनी हात बाहेर ठेवला. जावईबापू रस्त्याकडे पाहत होते, पण त्यांचा सगळा जीव त्या हातात होता. बोट पट्टीवर टेकलं. हळूच पुढे गेलं. थांबलं. मागे आलं. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. घड्याळाच्या पोटात हरवलेला खिळा शोधावा तसं.

"सापडत नाही," सासरे म्हणाले.

"काय, बाबा?" मागचं हसणं थांबलं.

"इथे एक खळगा होता. तुमच्या आईच्या अंगठीचा. टकटक करून करून पडलेला." बोट अजून फिरतच होतं. "साऱ्या गावाची घड्याळं दुरुस्त केली मी, पण त्याला कधी हात लावला नाही. ती गेल्यावर संध्याकाळी गाडीत येऊन बसायचो, त्यात बोट ठेवून. म्हटलं, जायच्या आधी एकदा..."

ताईंचा रुमाल हातातच राहिला. बायकोने आरशातून नवऱ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं, पण तिच्या डोळ्यांत राग नव्हता. आईचा हात त्या पट्टीवरून कधी उचललाच गेला नव्हता, मग हाताखालचा खळगा लेकींना तरी कुठून माहीत असणार?

जावईबापूंनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

"बाबा, तो मी बुजवला. मला वाटलं, उंदराने कुरतडलं."

सासऱ्यांनी पुन्हा बोट फिरवलं, या वेळी वेगळं. भिंग लावून दुसऱ्याचं काम तपासणारा कारागीर फिरवतो तसं. कडेपासून कडेपर्यंत, सावकाश.

"सांधा कळत नाही हो कुठे," ते अखेर म्हणाले. "काम चांगलं केलंत, जावईबापू."

ज्या शब्दासाठी इतकी वर्षं कान टवकारून बसले होते, तो आला. आणि जावईबापूंना तो कुठे ठेवावा कळेना. चटका बसावा तसा तो हातातून सुटला.

सासऱ्यांनी मग तिथेच बोटाने ताल धरून पाहिला. पण त्यांच्या बोटात अंगठी नव्हती. आवाज काही होईना. थोड्या वेळाने त्यांनी हात आत घेतला. बाह्या काळ्या होत्या, तळवे काळे होते, सदऱ्याच्या छातीवर पाच बोटं होती. फक्त ते एक बोट, ज्याने ती पट्टी चाचपली होती, तेच जरा उजळ दिसत होतं. नमुना पक्का होता. त्याने कोणाला काही दिलं नाही.

सासरे थोरल्या मुलीच्या गावी राहायला गेले. बाकीच्या गाडीची शाई पुढे गल्लीने, पावसाने आणि शिक्षिकाबाईंच्या मांजराने मिळून साफ केली. रबरं पुन्हा राखेसारखी झाली. ती वीतभर पट्टी तेवढी काळी राहिली. जावईबापूंनी रॉकेल लावलं, छापखान्यातलं मशीन धुवायचं पाणी लावलं, नखाने खरवडून पाहिलं. हलेना. आयुष्यात इतकं टिकाऊ काम त्यांनी दुसरं केलं नाही.

फोन येतो. "गाडी कशी आहे?"

"चालतेय, बाबा."

आता रोज सकाळी कामावर जायच्या आधी जावईबापू शेजारच्या सीटवर जाऊन बसतात, काच खाली करतात, हात बाहेर ठेवतात आणि आपल्या अंगठीने पट्टीवर टकटक करत राहतात. रबर दाद देत नाही. पहिल्यांदा बायकोने दारातून विचारलं होतं, "अहो, हे काय चाललंय?"

"नमुना काढतोय," ते पट्टीवरची नजर न काढता म्हणाले.

ती पदराला हात पुसत थोडा वेळ ऐकत उभी राहिली.

"ताल चुकतोय तुमचा," ती म्हणाली, आणि आत गेली.